आफ्रिकी तत्त्वज्ञान : अस्तित्वाचा प्रश्न आणि भाषेचा प्रश्न

१

१९६० या एकाच वर्षी आफ्रिका खंडातील १७ देश स्वतंत्र झाले. घाना त्याआधीच, १९५७ मध्ये, स्वतंत्र झाला होता. नव्या राष्ट्रांनी विद्यापीठे स्थापन केली, वसाहतकाळातील महाविद्यालयांना विद्यापीठाचा दर्जा दिला, आणि त्यांत तत्त्वज्ञानाचे अध्यापन सुरू झाले. अभ्यासक्रमात प्लेटो, देकार्त, ह्यूम आणि कान्ट होते. शिकविणारे व शिकणारे मात्र उत्तरोत्तर आफ्रिकी होत गेले. या अध्यापकांपुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. ज्याचे आपण अध्यापन करीत आहोत ते युरोपचे तत्त्वज्ञान होय. मग आफ्रिकी तत्त्वज्ञान म्हणून काही आहे काय? फ्रान्समधील किंवा जर्मनीतील अध्यापकाला आपल्या विषयाच्या अस्तित्वाचा पुरावा कधी द्यावा लागला नव्हता. आफ्रिकी अध्यापकाला तो आधी द्यावा लागला; विषयाचा विचार त्यानंतर.

पुढील सुमारे तीन दशके आफ्रिकी तत्त्वचिंतनाचा मोठा भाग या प्रश्नाने व्यापला. त्या वादाचा क्रम पाहिला असता असे दिसते की, अस्तित्वाचा म्हणून मांडला गेलेला हा प्रश्न वस्तुतः दोन निराळ्या प्रश्नांचा मिळून झालेला होता : तत्त्वज्ञानाची संहिता कशाला म्हणावे, आणि तत्त्वचिंतन कोणत्या भाषेत करावे. हे दोन प्रश्न वेगळे झाले तेव्हाच या वादाची कोंडी फुटली. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला दोन्ही प्रश्न परके नाहीत, आणि म्हणून या इतिहासाची ओळख त्याला उपयुक्त ठरावी.

२

या प्रश्नाचे मूळ युरोपच्या एका निर्णयात आहे. हेगेलने इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील आपल्या व्याख्यानांत सहारापलीकडील आफ्रिका जागतिक इतिहासाच्या कक्षेबाहेर ठेविली. पुढे १९१० मध्ये ल्यूसिएँ लेव्ही-ब्र्यूल या फ्रेंच विचारवंताने तथाकथित आदिम समाजांची मनोवृत्ती तर्कपूर्व असते, असा सिद्धान्त मांडला. आयुष्याच्या अखेरीस त्याने स्वतःच तो सौम्य केला, हे त्याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या टिपणवह्यांवरून कळते. परंतु तोवर तो सिद्धान्त वसाहतींच्या कारभारात रुजला होता. ज्यांना तर्कच नाही त्यांना तत्त्वज्ञान कोठून असणार, आणि ज्यांना तत्त्वज्ञान नाही त्यांनी स्वतःवर राज्य तरी कसे करावे, अशी ही विचारसाखळी होती.

तिच्यावरील पहिला मोठा आघात एका मिशनऱ्याकडून झाला. बेल्जियन काँगोत लुबा लोकांमध्ये राहिलेला फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक प्लासीद तेम्पेल्स याचे 'बांटू तत्त्वज्ञान' हे पुस्तक १९४५ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. बांटू माणसाच्या आचारामागे एक सुसंगत सत्तामीमांसा आहे, आणि तिच्यात 'असणे' आणि 'शक्ती' हे एकच आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. माणूस, पूर्वज, प्राणी, वस्तू या सर्वांत जीवनशक्तीची न्यूनाधिकता आहे, आणि जे ती वाढविते ते शुभ व जे घटविते ते अशुभ.

हे पुस्तक अनेक आफ्रिकी तरुणांना मुक्तिदायक वाटले, हे खरे. तथापि त्यात एक गंभीर उणीव होती. बांटू लोकांना हे तत्त्वज्ञान शब्दांत मांडता येणार नाही. ते त्यांना युरोपियनाने सांगावयाचे आहे, असे तेम्पेल्सने गृहीत धरले होते. तत्त्वज्ञान आहे, पण तत्त्वज्ञ नाही, अशी ही स्थिती होती. मार्तिनिकचे कवी एमे सेझेर यांनी १९५० मध्ये वसाहतवादावरील आपल्या प्रबंधात त्यावर बोचरी टीका केली. काँगोतील जमीन आणि मजुरी लुबाडली जात असता, तेथील माणसाला त्याच्या सत्तामीमांसेचा मान राखला की पुरे, असा या पुस्तकाचा व्यावहारिक अर्थ होतो, हे त्यांनी दाखवून दिले.

रुआंडाचे धर्मगुरू व विद्वान आलेक्सी कागामे यांनी १९५६ मध्ये तेम्पेल्सच्या पद्धतीत मोठी सुधारणा केली. त्यांनी आपला आधार मातृभाषेच्या, किन्यारुआंडाच्या, व्याकरणात शोधला. बांटू भाषांत नामांचे अनेक वर्ग असतात आणि ते उपसर्गांनी ओळखले जातात. 'न्टु' या मूळ घटकापासून सिद्ध होणारे चार शब्द म्हणजे सत्तेचे चार पदार्थ होत, असे कागामे यांनी मांडले : 'उमुन्टु' म्हणजे बुद्धियुक्त सत्ता, 'इकिन्टु' म्हणजे बुद्धिरहित वस्तू, 'अहन्टु' म्हणजे देश-काल, आणि 'उकुन्टु' म्हणजे प्रकार किंवा रीत. अॅरिस्टॉटलचे दहा पदार्थ त्यांनी या चारांत बसवून दाखविले.

कागामे यांच्या कार्याची नवलाई ही की, आफ्रिकी भाषा येथे प्रथमच तत्त्वज्ञानाचे प्रमाण म्हणून पुढे आली. अडचणही तेथेच होती. व्याकरणातच तत्त्वज्ञान भरलेले असेल तर ती भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाचे तत्त्वज्ञान जन्मतः एकच ठरते, आणि मतभेदाला जागा उरत नाही. अॅरिस्टॉटलचे पदार्थ हे ग्रीक भाषेच्या रचनेचेच प्रतिबिंब आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ एमिल बेंव्हेनिस्त यांनी १९५८ मध्ये म्हटले होते. परंतु म्हणून सर्व ग्रीक अॅरिस्टॉटलवादी होते, असे कोणी म्हणत नाही.

३

एकमताची ही कल्पना केवळ ग्रंथांत राहिली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पिढीतील अनेक राष्ट्रनेते स्वतः लेखक व विचारवंत होते. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेदार सेंघोर यांनी कृष्णवर्णीयांच्या सांस्कृतिक मूल्यांची समष्टी म्हणून 'नेग्रिट्यूड'चा पुरस्कार केला. घानाचे क्वामे एन्क्रुमा यांनी १९६४ मधील 'कॉन्शन्सिझम' या ग्रंथात परंपरागत आफ्रिकी, इस्लामी आणि युरोपीय-ख्रिस्ती या तीन जीवनधारांचा समन्वय समाजवादी भूमिकेवरून करण्याचा प्रयत्न केला. टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांनी 'उजामा' म्हणजे कुटुंबभाव ही स्वाहिली संकल्पना राज्यधोरणाचा पाया मानली, आणि १९६७ च्या अरुशा घोषणेने तिला अधिकृत रूप दिले.

या तिघांच्या विचारांत महत्त्वाचे भेद आहेत. पण एक गृहीत तिघांत समान होते. पारंपरिक आफ्रिकी समाज मूलतः समूहनिष्ठ व एकदिलाचा होता, असे ते मानीत. अशा गृहीतातून एकपक्षीय राज्यपद्धतीचे समर्थन करणे सोपे होते, आणि अनेक देशांत ते केलेही गेले. परंपरेत जर विरोधी मत नव्हते, तर आज विरोधी पक्ष हवा कशाला? १९७१ मध्ये मोबुटूने काँगोचे नाव झाईर असे बदलले आणि 'अस्सलपणा'चे धोरण जाहीर केले. तेव्हा आफ्रिकी आत्म्याचा जयघोष आणि व्यक्तीची मुस्कटदाबी एकाच वेळी चालू शकते, हे उघड झाले. तत्त्वज्ञानातील एक चूक राज्यकर्त्याच्या हातचे शस्त्र कशी होते, याचे हे उदाहरण होय.

४

या चुकीवर नेमके बोट ठेविले ते पोलँ हुंतोंजी यांनी. १९४२ मध्ये जन्मलेल्या, आजच्या बेनिन देशाच्या या तत्त्वज्ञाने पॅरिसमध्ये अध्ययन केले, हुसेर्लवर संशोधन केले आणि पुढे काही काळ मोबुटूच्या झाईरमध्ये अध्यापनही केले. त्यांचा आफ्रिकी तत्त्वज्ञानावरील लेखसंग्रह १९७६ मध्ये फ्रेंचमध्ये व १९८३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातील पहिलेच विधान वाचकांना धक्का देणारे होते : आफ्रिकी तत्त्वज्ञान म्हणजे आफ्रिकी लेखकांनी लिहिलेल्या आणि त्या लेखकांनी स्वतःच तत्त्वज्ञानात्मक म्हणून पुढे ठेविलेल्या संहितांचा समुच्चय.

ही व्याख्या कोरडी दिसते, पण तिच्यात मोठी उलथापालथ होती. तेम्पेल्स व कागामे यांच्या परंपरेला हुंतोंजी यांनी 'एथ्नोफिलॉसफी', म्हणजे समूहतत्त्वज्ञान, या नावाखाली नाकारले. कॅमेरूनचे मार्सिएँ तोवा आणि फाबिएँ एबूसी बुलागा यांनीही याच सुमारास या परंपरेची कठोर चिकित्सा केली होती. एका संपूर्ण समाजाच्या नावावर अबोध, अपरिवर्तनीय आणि एकमुखी तत्त्वज्ञान जमा करणे म्हणजे त्या समाजातील प्रत्येक व्यक्तीची विचार करण्याची जबाबदारी काढून घेणे होय, असा हुंतोंजी यांचा आक्षेप होता. तत्त्वज्ञान हे वादातून जगते, आणि वाद व्यक्तींमध्ये होतो.

त्यांचा दुसरा आक्षेप वाचकवर्गासंबंधी होता. समूहतत्त्वज्ञानाचे ग्रंथ आफ्रिकेविषयी असतात, परंतु ते युरोपीय वाचकाला उद्देशून असतात. पुढे या विचाराचा त्यांनी विस्तार केला. वसाहतीतून कच्चा माल जावा आणि पक्का माल महानगरातून परत यावा, तसेच ज्ञानाच्या बाबतीतही घडते. माहिती आफ्रिकेत गोळा होते, सिद्धान्त अन्यत्र घडतो. या परावलंबनाला त्यांनी बहिर्मुखता असे नाव दिले.

हुंतोंजी यांच्यावर उलट टीकाही झाली. त्यांच्या व्याख्येत लेखनाला जे स्थान होते त्यामुळे खंडातील मौखिक विचारधन एका फटक्यात बाहेर राहिले, आणि ज्या फ्रेंच-इंग्रजी संहिता आत आल्या त्या बहुसंख्य आफ्रिकी जनतेला वाचताच येत नव्हत्या. या आक्षेपांत तथ्य होते. हुंतोंजी यांनी नंतर आपली भूमिका अधिक लवचिक केली; त्यांनी संपादिलेला अंतर्जात ज्ञानपरंपरांवरील ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मूळ आग्रहाचे सार मात्र त्यांच्या आचरणातही दिसले. बेनिनला बहुपक्षीय लोकशाहीकडे नेणाऱ्या १९९० च्या राष्ट्रीय परिषदेत त्यांनी भाग घेतला आणि त्यानंतर ते मंत्रीही झाले.

५

हुंतोंजी यांच्या आव्हानाला दोन प्रकारची उत्तरे मिळाली. पहिले नैरोबीहून आले. केनियाचे हेन्री ओडेरा ओरुका यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण भागातील विचारी वृद्धांशी दीर्घ संभाषणे करण्याचा उपक्रम आरंभिला. त्याचे फलित १९९० मध्ये ग्रंथरूपाने पुढे आले. ओरुका यांनी दोन प्रकारचे प्राज्ञ मानले. पहिल्याला परंपरा उत्तम अवगत असते आणि तो ती विश्वासाने सांगतो. दुसरा परंपरा जाणतो, पण तिला प्रश्नही विचारतो. जेथे ती पटत नाही तेथे तसे सकारण म्हणतो. लुओ समाजातील पॉल म्बुया आकोको यांची गणना ओरुका यांनी दुसऱ्या प्रकारात केली. अशा माणसांची नावे, छायाचित्रे आणि संवाद छापून ओरुका यांनी हेच सिद्ध केले की, निरक्षरता आणि चिकित्सा यांचे वैर नाही. सॉक्रेटिसनेही काही लिहिले नव्हते.

यावर नायजेरियाचे पीटर बोडुनरिन आदींनी घेतलेली शंका मार्मिक होती. प्रश्न विद्यापीठातील तत्त्वज्ञाने विचारले, त्यांची दिशा त्याने ठरविली. मग उत्पन्न झालेले तत्त्वज्ञान प्राज्ञाचे की प्रश्नकर्त्याचे? संकलकाने नोंदलेल्या ओव्या, कहाण्या वा आख्याने ज्यांनी अभ्यासली आहेत त्यांना या शंकेचे वजन सांगावे लागत नाही.

नायजेरियातील इफे विद्यापीठात बॅरी हॅलन आणि जे. ओ. सोडिपो यांनी निराळी वाट धरली. त्यांनी योरुबा वैद्यांशी, म्हणजे 'ओनिशेगुन' या जाणत्यांशी, त्यांच्याच भाषेतील शब्दांच्या काटेकोर वापराविषयी चर्चा केली, आणि १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंग्रजीतील 'जाणणे' आणि 'मानणे' यांसाठी योरुबात 'मो' व 'ग्बाग्बो' हे शब्द सर्रास वापरले जातात. परंतु त्यांच्या सीमा जुळत नाहीत. योरुबात जे स्वतः प्रत्यक्ष पाहिले आहे त्यालाच ज्ञान म्हणतात. दुसऱ्याने सांगितलेले, कितीही विश्वसनीय असले, तरी ते 'ग्बाग्बो'च्या कक्षेत पडते. पाश्चात्त्य माणूस पुस्तकातून, शिक्षकाकडून वा वृत्तपत्रातून मिळविलेल्या माहितीला बेधडक ज्ञान म्हणतो, ती योरुबा कसोटीने केवळ ऐकीव ठरते. प्रत्यक्ष आणि शब्द या प्रमाणांच्या बलाबलाचा वाद भारतीय दर्शनांत शतकानुशतके चालला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्यांना तर्कपूर्व मानले गेले त्यांची ज्ञानाची कसोटी त्यांना तसे मानणाऱ्यांपेक्षा अधिक कडक निघावी, यातील उपरोध लेखकद्वयाच्या ध्यानात आला होता.

६

दुसरे आणि अधिक दूरगामी उत्तर घानाच्या क्वासी विरेडू यांचे. १९३१ मध्ये जन्मलेल्या विरेडू यांनी ऑक्सफर्डला गिल्बर्ट राइल यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले आणि घाना विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एक साधा पण निर्णायक मुद्दा आहे. आफ्रिकेच्या लोकसमजुतींची तुलना पाश्चात्त्य विज्ञानाशी करणे ही पद्धतीचीच चूक आहे. लोकसमजुतींची तुलना लोकसमजुतींशीच व्हावयास हवी. त्याच वेळी स्वसमाजातील अधिकारशाही व कालबाह्य प्रथांवरही त्यांनी तितकीच परखड टीका केली.

विरेडू यांचे कायमचे योगदान म्हणजे संकल्पनांच्या निर्वसाहतीकरणाची त्यांची पद्धत. आफ्रिकी तत्त्वज्ञाने इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये मांडलेला प्रश्न एकदा आपल्या मातृभाषेत मांडून पाहावा, एवढेच ती सांगते. प्रश्न तेथेही तग धरतो का? धरला, तर तो मनुष्यमात्राचा असण्याचा संभव आहे. न धरला, तर तो कदाचित त्या परभाषेच्या घडणीतून उपजलेला, भाषावलंबी प्रश्न असेल.

सत्याच्या संकल्पनेवरील १९८५ मधील निबंधात त्यांनी ही पद्धत आकान भाषेला लावून दाखविली. जे विधान वस्तुस्थितीशी जुळते ते सत्य, असा एक प्रसिद्ध पाश्चात्त्य सिद्धान्त आहे. आकानमध्ये सत्य या अर्थी 'नेआ एते सा', म्हणजे 'जे तसे आहे ते', असे म्हणतात; आणि वस्तुस्थिती या अर्थीही तेच म्हणतात. तेव्हा आकान भाषेत हा सिद्धान्त 'जे तसे आहे ते तसे आहे' अशा द्विरुक्तीत विरून जातो. त्यामुळे सिद्धान्त खोटा ठरत नाही. पण त्याच्याभोवतीचा वाद सर्व मानवजातीचा आहे, हा भ्रम मात्र दूर होतो. सत्यवादित्वासाठी आकानमध्ये 'नोक्वारे' हा वेगळा शब्द आहे. त्याची व्युत्पत्ती 'एक तोंड' अशी देऊन विरेडू यांनी त्याचा नैतिक अर्थ उलगडला. मराठी वाचकाला येथे 'एकवचनी' हा शब्द सहज सुचेल.

यानंतर जे घडले ते या संपूर्ण इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण आहे. घानाचेच क्वामे ग्येक्ये यांनी १९८७ मधील आकान विचारविश्वावरील ग्रंथात विरेडू यांच्याशी मतभेद नोंदविला. आकान भाषेत 'असणे' हे 'वो हो', म्हणजे 'तेथे असणे', अशा शब्दांत व्यक्त होते. म्हणून स्थळाबाहेरच्या अभौतिक सत्तेची कल्पना त्या भाषेत सुसंगतपणे बसत नाही, आणि 'ओक्रा' या प्राणतत्त्वाला पाश्चात्त्य अर्थाने आत्मा म्हणता येत नाही, असे विरेडू यांचे मत होते. उलट 'ओक्रा' हे अभौतिकच आहे, आकान विचार देह व आत्मा यांचे द्वैत मानतो, आणि 'हो' या शब्दातील स्थलवाचक अर्थ अशा प्रयोगांत उरलेला नसतो, असे ग्येक्ये यांनी प्रतिपादिले.

या वादात कोण बरोबर, हा प्रश्न दुय्यम आहे. दोघेही एकाच भाषेचे जाणकार, दोघेही तिचेच शब्द प्रमाण मानणारे, आणि तरीही निष्कर्ष परस्परविरोधी. म्हणजे भाषा विचाराला सामग्री पुरविते, निकाल देत नाही. कागामे यांच्या पद्धतीत नसलेला मतभेद येथे आला. हुंतोंजी यांनी मागितलेला व्यक्तिगत, जबाबदार, लिखित वाद येथे सिद्ध झाला. आणि तोही परंपरेच्या शब्दभांडारातच. आफ्रिकी तत्त्वज्ञान आहे काय, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने प्रतिज्ञेने न मिळता वादाने मिळाले.

७

१९८० च्या दशकानंतर अस्तित्वाचा प्रश्न मागे पडला आणि अभ्यासाची क्षेत्रे विस्तारली. काँगोत जन्मलेले व्ही. वाय. मुडिम्बे यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात 'आफ्रिका' ही संकल्पनाच मिशनरी, मानववंशशास्त्रज्ञ आणि प्रशासक यांच्या लेखनातून कशी घडविली गेली, हे तपासले; या लेखनभांडाराला त्यांनी वसाहती ग्रंथालय म्हटले. नायजेरियाच्या ओयेरोंके ओयेवुमी यांनी १९९७ मध्ये असे मांडले की, योरुबा समाजरचनेत लिंगभेदापेक्षा वडीलपण-धाकटेपण निर्णायक होते, आणि 'स्त्री' हा सामाजिक वर्ग वसाहतकाळात बाहेरून लादला गेला. त्यांच्या निष्कर्षांवर वाद आहेत. पण विरेडू यांच्या पद्धतीची धार समाजशास्त्राला लागल्याचे तेथे दिसते. सेनेगलचे सुलेमान बशीर दियान्य यांनी टिंबक्टूसारख्या विद्याकेंद्रांतील लिखित इस्लामी परंपरेकडे लक्ष वेधून, आफ्रिका म्हणजे मौखिकता हे समीकरणच अपुरे असल्याचे दाखविले.

दक्षिण आफ्रिकेत एका आफ्रिकी संकल्पनेने थेट कायद्यात प्रवेश केला. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, या आशयाच्या 'उबुंटू' या शब्दाचा उल्लेख १९९३ च्या अंतरिम संविधानात आला, आणि १९९५ मध्ये मृत्युदंड घटनाबाह्य ठरविताना तेथील घटनात्मक न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी त्याचा आधार घेतला. येथेही जुना धोका संपलेला नाही. समूहाचे मोठेपण सांगणारी संकल्पना व्यक्तीच्या जिवाच्या रक्षणासाठी वापरली गेली, तशीच ती उद्या मतभेद दडपण्यासाठीही वापरता येईल. तिला चिकित्सेची सोबत हवी, ती याचसाठी.

भाषेचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. नैरोबी विद्यापीठातील इंग्रजी विभागाच्या जागी आफ्रिकी साहित्य केंद्रस्थानी आणण्याची मागणी १९६८ मध्ये ज्यांनी केली त्यांपैकी एक, कादंबरीकार न्गुगी वा थियोंगो, पुढे गिकुयूतच लिहू लागले. तत्त्वज्ञांना मात्र ते पाऊल उचलणे कठीण गेले. मातृभाषेत विचार करून पाहा, असे सांगणाऱ्या विरेडू यांचे बहुतेक लेखन इंग्रजीतच आहे, आणि या विसंगतीची त्यांना जाणीव होती. भारतातही कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी विचारांतील स्वराज्याचा प्रश्न उपस्थित केला तो इंग्रजीतच; आणि पुण्यात १९८३ मध्ये दया कृष्ण, मे. पुं. रेगे प्रभृतींनी आधुनिक तत्त्वज्ञ व संस्कृत पंडित यांना समोरासमोर बसविले, तेव्हा रसेलची संकल्पना संस्कृतात मांडताना कोणत्या अडचणी येतात हाच त्या संवादाचा गाभा ठरला.

विरेडू २०२२ मध्ये, हुंतोंजी २०२४ मध्ये, आणि मुडिम्बे व न्गुगी २०२५ मध्ये निवर्तले; स्वातंत्र्याबरोबर वयात आलेली पिढी अशा रीतीने सरत चालली आहे. तिच्या कार्याचा एक लहानसा पण बोलका पुरावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चाइक जेफर्स यांनी संपादिलेल्या संग्रहात आहे. त्यातील तत्त्वज्ञानात्मक निबंध लुओ, गिकुयू, अम्हारिक, इग्बो, आकान आणि वोलोफ या भाषांत लिहिलेले आहेत, आणि समोरच्या पानावर त्यांचे इंग्रजी भाषांतर दिले आहे. विरेडू यांचा निबंध त्यात आकानमध्ये आहे. तेम्पेल्सच्या पुस्तकात आफ्रिकी माणसाच्या वतीने युरोपियन बोलत होता. या संग्रहात आफ्रिकी तत्त्वज्ञ आपल्या भाषेत बोलतो, आणि भाषांतराची गरज वाचणाऱ्याला पडते.